चाचणी झाली, मुलाला सांगायचे कोणी?

सिकलसेल निर्मूलनाची घोषणा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि त्याच वर्षी १ जुलै रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेस आरंभ झाला. बाधित आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे. अर्थसंकल्पीय भाषणात समुपदेशनाचाही उल्लेख होता. तथापि तपासण्या मोजता येतात. पालकांशी झालेले संभाषण सहजासहजी मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याला सरकारी हिशेबात दुय्यम स्थान मिळते. वस्तुतः चाचणीचा निकाल हाती आला की घराची खरी परीक्षा सुरू होते. मुलाला हे सांगायचे कधी, आणि कोणत्या शब्दांत?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांना हा आजार परका नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उद्भवतात. भरपूर पाणी पी, थंडीत भिजू नको, दमेपर्यंत धावू नको, असे मुलाला बजावले जाते. कारण मात्र सांगितले जात नाही. कारण न कळलेली बंधने मूल साहजिकच चोरून मोडते. शिवाय गुपित राहतेच असेही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्या कायद्याखालील प्रमाणपत्र मूल पुढे स्वतःच वाचते. आपल्याच हातून काही घडले असावे, ही समजूत तोवर त्याच्या मनात रुजलेली असते.

मौनाचे मूळ

पालकांच्या मौनामागे बहुधा अपराधाची भावना असते, आणि अनेक घरांत ती एकट्या आईवर लादली जाते. शास्त्राचा तिला आधार नाही. हा आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावे लागते. दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, केवळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. हे आधी पालकांना नीट समजले, तरच ते मुलाशी मोकळेपणाने बोलू शकतील.

सांगणे एका बैठकीत उरकण्याजोगे नाही. ते हप्त्याहप्त्यानेच व्हावयास हवे. पाचसहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरे, की तुझे रक्त थोडे वेगळे आहे म्हणून दुखते, तुझे काही चुकले म्हणून नाही. दहाबारा वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव कळावे. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध वेदनेचे झटके कमी करते, म्हणून ते चुकवू नये, हेही कळावे. किशोरवयात आनुवंशिकतेचा अर्थ उलगडून सांगावा. त्यासाठी स्थळ येण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. निरोगी दिसणारे भावंडही वाहक असू शकते. त्यालाही आपला निकाल जाणून घेण्याचा अधिकार आहे.

मुलाच्या व पालकांच्या संमतीने वर्गशिक्षकाला माहिती दिली, तर तासाला पाणी पिण्याची मुभा मिळते आणि गैरहजेरीला आळस म्हटले जात नाही. सर्व वर्गासमोर वाच्यता करण्याचे मात्र कारण नाही.

हे सारे पालकांवर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही. गोंडी, माडिया, भिली बोलणाऱ्या घरांत त्यांच्याच भाषेत, पुन्हा पुन्हा जाऊन बोलणारा समुपदेशक हवा, आणि त्याच्या वेतनाची तरतूद चाचणीच्या खर्चाबरोबरच व्हावयास हवी. निदान सरकारने करायचे आणि त्याचा अर्थ मुलाने एकट्याने लावायचा, ही वाटणी न्यायाची नाही.