जुनाट अक्षर, नवे लेबल

आमच्या नव्या चादरींसाठी लेबल छापायचे होते. मुलाने संगणकावर केलेला नमुना पाहून मी म्हणालो, "शाई कमी पडली का? अक्षरांच्या कडा खाल्ल्या आहेत." तो हसला. "अब्बा, हे अक्षर मुद्दामच असे घडवले आहे."

व्यापारी बंधूंनो, ही तऱ्हा नवी नाही. अमेरिकेत शिकागो येथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाईप ओतणाऱ्या कारखान्याने १८९० च्या दशकात 'फिफ्टीन्थ सेंच्युरी', म्हणजे 'पंधरावे शतक', नावाचा टाईप काढला. तो बर्न नॅडॉल यांनी घडवला होता. खिळे कोरे करकरीत, पण अक्षरांच्या कडा वेड्यावाकड्या. जणू झिजलेल्या खिळ्यांनी छापले आहे. पुढे त्याचे नाव बदलून 'कॅस्लॉन अँटिक' ठेवले गेले. इंग्लंडचे नामांकित टाईपकार विल्यम कॅस्लॉन (मृत्यू १७६६) यांच्या अक्षरांशी त्याचा संबंध नावापुरताच! 'ले मिझराब्ल' या गाजलेल्या संगीत नाटकाच्या जाहिरातीत नाटकाचे नाव याच अक्षरात असते.

असे अक्षर मथळ्याचे आहे. दुकानाचे नाव, खोक्याचे झाकण, कापडी पिशवी, दुकानाची पाटी येथे ते शोभते. हातमागाचे कापड, ठशाची छपाई, अत्तर, मसाले, चामड्याच्या वस्तू यांना ते साजते, कारण हाताच्या कामात थोडा खडबडीतपणा असतोच. शब्द दोन-चार असावेत, आकार मोठा असावा.

बारीक मजकुराला मात्र ते वापरू नये. कापडी पट्टीवर छापताना बारीक टवक्यांत शाई भरते, नाजूक रेघा उमटतच नाहीत. 'रंग पक्का' मधला अनुस्वार उडाला तर 'रग पक्का' उरेल. उर्दूत 'बीस' आणि 'तीस' यांत फरक फक्त नुक्त्यांचा; नुक्ता घासला की भावात दहा रुपयांची तफावत! म्हणून भाव, माप, धुण्याची सूचना साध्या, स्वच्छ अक्षरात द्यावी.

आणखी दोन गोष्टी. एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले आणि दोन्ही ठिकाणी टवका तोच दिसला, तर बनाव लगेच उघडा पडतो. अशा वेळी त्या अक्षराचे दुसरे रूप वापरावे. आणि अक्षर हेही कुणाच्या तरी हुनराचे फळ आहे. फुकट मिळालेले प्रत्येक अक्षर धंद्यासाठी वापरण्याची परवानगी असतेच असे नाही. अटी वाचाव्यात, मोल असेल तर द्यावे.

आमचे लेबल छापले. नाव जुनाट अक्षरात, बाकी सारे साध्या. मुलाने शोभेसाठी नावाखाली 'स्थापना १९२०' टाकले होते. दुकान मी १९९६ मध्ये उघडले. ते साल खोडून खरे साल घातले. अक्षर जुने दिसले तर ती सजावट. साल खोटे घातले तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक.