थांबलेल्या चित्राची दहशत

‘रिंगु’ या १९९८ सालच्या जपानी चित्रपटातला शेवटाकडचा प्रसंग भयपटांच्या चाहत्यांना पाठ असतो. टीव्हीत दिसणाऱ्या विहिरीतून सदाको वर येते, अडखळत पुढे सरकते आणि काच ओलांडून खोलीत उतरते. दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनी हे कसं साधलं ते आता गुपित राहिलेलं नाही. रिए इनो या काबुकीची तालीम घेतलेल्या अभिनेत्रीला त्यांनी उलट्या पावलांनी चालायला लावलं आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवलं. त्यामुळे पाऊल पुढे पडतं, पण शरीराचा तोल भलत्याच ठिकाणी असतो. काय चुकतंय ते डोळ्यांना सांगता येत नाही. काहीतरी चुकतंय एवढं मात्र नक्की कळतं. म्हणजे जपानी भयपटातला सर्वांत गाजलेला क्षण अभिनेत्रीच्या स्वाभाविक हालचालीतून आलेला नाही. ती हालचाल काढून घेऊन तिच्या जागी एक बनवलेली हालचाल बसवली, तेव्हा तो क्षण जन्माला आला. हालचाल बनवणं हे तर ॲनिमेशनचं काम. म्हणूनच ‘रिंगु’, ‘जु-ऑन’, ‘डार्क वॉटर’ पुन्हा पुन्हा पाहणारा प्रेक्षक ॲनिमेला ‘कार्टून’ म्हणून बाजूला सारतो तेव्हा नवल वाटतं. आपल्याकडे डोरेमॉन आणि शिनचॅन यांनी ॲनिमेची जी ओळख करून दिली तिचाही यात वाटा आहे. पण या लेखाचं म्हणणं असं की अमानवी, गूढ ॲनिमे ही जपानी भयपटाची पातळ केलेली आवृत्ती नाही. त्या भयपटाची भीती जिथून आली, त्या उगमाच्या ती चित्रपटापेक्षाही जवळ आहे.

तो उगम चित्रात आणि कथनात आहे. मोकळे लांब केस, पांढरं वस्त्र, खाली लोंबणारे हात आणि कमरेखाली विरत गेलेलं शरीर ही जपानी भुताची मूर्ती अठराव्या शतकातल्या चित्रकारांनी ठरवली. पाय नसलेल्या भुताचं श्रेय परंपरेने मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) यांना दिलं जातं. १७७६ साली तोरियामा सेकिएन यांचा राक्षस-पिशाच्चांचा पहिला चित्रसंग्रह छापला गेला आणि त्याच वर्षी उएदा अकिनारी यांच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’ या भयकथाही. १८२५ मध्ये एदोच्या रंगमंचावर चौथ्या त्सुरुया नानबोकु यांचं ‘योत्सुया काइदान’ आलं. नवऱ्याने विष देऊन विद्रूप केलेल्या ओइवाचा सूड हा त्याचा विषय, आणि सदाको, ‘जु-ऑन’मधली कायाको या साऱ्या तिच्याच लेकी. पुढे सानयुतेई एन्चो या विख्यात कथाकाराने भुतांच्या सुमारे ५० चित्रपट्ट्या जमवल्या. तोक्योच्या यानाका भागातल्या झेनशोआन मंदिरात त्या दर ऑगस्टमध्ये मांडल्या जातात. ज्याचा धंदा बोलण्याचा, त्याने चित्रं गोळा करावीत हे मला फार सूचक वाटतं. आवाज पुढे चालतो आणि चित्र जागचं हलत नाही, ही जोडी जपानी भीतीच्या मुळाशी आहे.

१९३० च्या दशकात ती जोडी सायकलवर बसून गल्लोगल्ली फिरली. कामिशिबाई म्हणजे लाकडी चौकटीत एकामागून एक चित्र सरकवत गोष्ट सांगण्याचा खेळ, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीशी नातं सांगेल असा. सांगणारा पोरांना मिठाई विकायचा आणि गोष्ट ऐकवायचा. स्मशानात जन्मलेल्या कितारो या मुलाची कथा याच खेळातली. शिगेरू मिझुकी यांनी ती १९५० च्या दशकात हाती घेतली, १९६० पासून मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, आणली आणि १९६८ मध्ये ती टीव्हीवर ॲनिमे म्हणून आली. टीव्हीवर येताना ती बरीच गोंडस झाली, हा भाग वेगळा. २००८ च्या ‘हाकाबा कितारो’ने तिचा मूळचा कुबट, खवचट स्वभाव परत दिला. कामिशिबाई ते ॲनिमे हा सलग चालत आलेला रस्ता आहे. २०१३ पासूनची ‘यामिशिबाई’ ही मालिका तर उघडपणे त्या रस्त्याने मागे जाते. संध्याकाळी पाच वाजता मैदानात मुखवटा घातलेला कथेकरी येतो आणि पाचेक मिनिटांची एक गोष्ट सांगतो. तिच्यातली माणसं कागदातून कापल्यासारखी, जवळपास न हलणारी. सगळ्या गोष्टी सारख्या उतरलेल्या नाहीत, काही तर अगदीच फुसक्या आहेत. पण जी जमते ती अर्ध्या तासाच्या चित्रपटाला जमणार नाही असा गारठा देऊन जाते.

या न हलण्यामागे पैशाचंही कारण आहे, आणि ते झाकण्याची गरज नाही. १९६३ मध्ये ओसामु तेझुका यांनी ‘तेत्सुवान ॲटम’ दर आठवड्याला टीव्हीवर द्यायचं ठरवलं, तेव्हा सेकंदाला २४ चित्रं काढणं परवडणारं नव्हतं. एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं, कधी फक्त ओठ हलवायचे, कधी स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, अशा काटकसरीतून जपानी टीव्ही-ॲनिमेची भाषा घडली. साहसकथेत ही काटकसर खटकते. भयकथेत ती कामाला येते, कारण तिथे प्रेक्षक हालचालीची वाटच पाहत असतो. कियोशी कुरोसावा यांच्या ‘काइरो’त (२००१) भिंतीकडून संथपणे चालत येणारी बाई आठवा. तो वेग नटीला आणि कॅमेऱ्याला मुद्दाम कमवावा लागतो. ॲनिमेच्या घरात तो पहिल्यापासून आहे.

हे नातं केवळ तर्काचं नाही. दोन्ही घरांत वावरलेल्या एका माणसाच्या कामात ते प्रत्यक्ष दिसतं. चिआकी कोनाका यांनी १९८८ साली ‘जागानरेई’ हा व्हिडिओपट लिहिला. माहितीपटाचा आव आणलेल्या या चित्रणाच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं असल्याचा भास होतो. जपानी भयपटाच्या नव्या लाटेची सुरुवात शोधणारे बहुतेक जण या कामापाशी येऊन थांबतात. भूत कसं दाखवावं याबद्दलचे कोनाकांचे विचार कुरोसावा आणि ‘रिंगु’चे पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांच्या वर्तुळात ‘कोनाका सिद्धांत’ म्हणूनच ओळखले गेले. प्रेक्षकाला माहिती मोजून द्यायची आणि भुताच्या नजरेतून दृश्य कधीही दाखवायचं नाही, ही त्यातली दोन सूत्रं. याच कोनाकांनी ‘रिंगु’च्याच वर्षी, १९९८ मध्ये, ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ ही १३ भागांची मालिका लिहिली. दिग्दर्शक होते र्‍युतारो नाकामुरा. एक शाळकरी मुलगी गच्चीवरून उडी मारते आणि नंतर वर्गातल्या मुलींना तिच्या नावाने ईमेल येऊ लागतात. पुढे फारसं काही ‘घडत’ नाही. उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, विजेच्या तारांची गुणगुण, सावल्यांमध्ये साकळल्यासारखे डाग हीच दृश्यं पुन्हा पुन्हा येतात. मृत माणसं संगणकाच्या जाळ्यातून परततात ही ‘काइरो’ची कल्पना ‘लेन’नंतर तीन वर्षांनी पडद्यावर आली. कुणी कुणाचं घेतलं हा वाद मला घालायचा नाही. भीतीची ही भाषा दोन्हीकडे एकाच वेळी पिकत होती, एवढं पुरे. ‘लेन’चा उत्तरार्ध तत्त्वज्ञानात रुतून बसतो, हेही सांगायला हवं. पण पहिले पाच-सहा भाग भयपटप्रेमींनी पाहिलेच पाहिजेत.

२००६ मध्ये तोएई ॲनिमेशनची ‘आयाकाशी’ ही ११ भागांची मालिका आली. तिच्यात तीन कथा आहेत. पहिली ‘योत्सुया काइदान’, आणि तिची पटकथा पुन्हा कोनाकांची. खुद्द नाटककार नानबोकुच तिथे निवेदक होऊन आपल्याच नाटकाचा छडा लावत राहतो. पण इतिहास घडवला तो तिसऱ्या कथेने. केन्जी नाकामुरा दिग्दर्शित ‘बाकेनेको’ इतकी गाजली की तिच्यातल्या फिरत्या औषधविक्याला घेऊन २००७ मध्ये ‘मोनोनोके’ ही १२ भागांची स्वतंत्र मालिका झाली. (मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’शी तिचा काही संबंध नाही.) माझ्या मते गूढ ॲनिमेतलं हे सर्वांत पक्कं काम आहे. पडद्यावर हाती बनवलेल्या जपानी कागदाचा पोत आहे, रंग जुन्या लाकडी ठशांच्या छापचित्रांतले, अंगावर येतील इतके भडक. सरकती दारं उघडतात, मिटतात आणि प्रसंग बदलतो. अंधारात भीती दाखवण्याचा सोपा मार्ग नाकामुरांनी सोडून दिला. ‘झाशिकी-वाराशी’ या पहिल्या कथेत पावसाळी रात्री एक गरोदर स्त्री सरायीत आसरा मागते. तिला दिलेल्या बंद खोलीत लहान मुलं दिसू लागतात. ही सराय पूर्वी कुंटणखाना होती आणि तिथल्या बायकांच्या पोटातलं जे जन्मू दिलं गेलं नाही ते अजून जन्माची वाट पाहतंय. अशी कथा नट-नट्यांसह चित्रित केली असती तर एक तर ती किळसवाणी झाली असती, नाही तर रडकी. इथे बाहुल्यांसारखी चिमुकली रंगीत मुलं फक्त असतात, आणि त्यांचं असणं पुरतं. शेवटच्या कथेत, भुयारी रेल्वेच्या डब्यात, आजूबाजूचे प्रवासी चक्क कापडाच्या दुकानातले पुतळे आहेत. एका स्त्रीच्या मृत्यूकडे पाठ फिरवलेल्या शहराचं याहून नेमकं चित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढलं असतं?

इथे जाणता वाचक हरकत घेईल. औषधविक्याची तलवार म्यानातून निघायला तीन गोष्टी कळाव्या लागतात: पिशाच्चाचं रूप, घडलेली घटना आणि तिच्यामागची कारणमीमांसा. मग ही भयकथा की हेरकथा? उलगडा झाला की भीती संपते, हा तर या प्रकाराचा पहिला धडा. हरकत वजनदार आहे, पण ती ‘रिंगु’लाही तितकीच लागू पडते. तिथली पत्रकारही विहिरीपर्यंत तपास करत जाते, सांगाडा बाहेर काढते, सदाकोचं दुःख समजून घेते, आणि तरीही काही मिटत नाही. जपानी भयपरंपरेत उलगड्याने भीती संपत नाही, ती जागा बदलते. तपास सुरू होताना आपण पिशाच्चाला भीत असतो. तो संपताना त्या घरातल्या माणसांना. ‘मोनोनोके’त तर बहुतेक वेळा सर्वांत निरपराध जीव म्हणजे ते पिशाच्चच.

दुसरी हरकत चेहऱ्यांची. मोठाल्या डोळ्यांची, रंगीबेरंगी केसांची माणसं पाहून भीती कशी वाटणार? ‘शिकी’ (२०१०) या २२ भागांच्या मालिकेपुरती ही तक्रार मला मान्य आहे. तिथल्या काही केशरचना पाहून हसू आवरत नाही. पण ते हसू किती भागांनंतर थांबतं हे पाहण्यासारखं आहे. फुयुमी ओनो यांच्या १९९८ च्या कादंबरीवर आधारलेली ही मालिका फर वृक्षांनी वेढलेल्या सोतोबा या गावात घडते. मृतांना अजूनही पुरणारं हे गाव. एका उन्हाळ्यात माणसं मरू लागतात आणि मग रात्री परतू लागतात. ओनो यांनी स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’ला केलेला हा मुजरा आहे, आणि मराठी वाचकाला इथे घरचा धागा सापडेल, कारण नारायण धारपांच्या ‘लुचाई’चं मूळही तीच कादंबरी. धारपांनी ती मराठी मातीत रुजवताना चांगल्या-वाईटाची सीमा ठळक ठेवली. ओनो ती सीमाच पुसून टाकतात. परतलेले मृत भुकेने कळवळतात, रडतात, आपल्याच माणसांना चावल्याबद्दल स्वतःला अपराधी मानतात. आणि उत्तरार्धात गावकरी त्यांना ज्या थंडपणाने, कामं वाटून घेऊन ठार करतात ते पाहताना पोटात ढवळतं. चेहरा बाहुलीसारखा असल्यामुळे ही हिंसा सौम्य होत नाही, उलट ती लहान मुलांच्या खेळण्यांवर होत असल्यासारखी वाटते.

तिसरी हरकत माझ्याच म्हणण्यातून निघते. काटकसर जर इतकी गुणी, तर ‘उझुमाकी’ का फसली? जुन्जी इतो यांच्या सर्पिलाने पछाडलेल्या गावाची ही कथा २०२४ मध्ये चार भागांत आली. पहिला कृष्णधवल भाग मांगाच्या रेषांइतकाच विषारी होता. दुसऱ्या भागापासून चित्रांचा दर्जा इतका घसरला की निर्मात्यांपैकी एकाला जाहीर खुलासा करावा लागला. याचं उत्तर एवढंच की थांबणं आणि अडकणं वेगळं. ‘यामिशिबाई’ मुळातच स्थिर चित्रासाठी रचलेली आहे. ‘उझुमाकी’ वाहत्या, वळणाऱ्या हालचालीसाठी रचली होती आणि ती हालचाल मध्येच आटली. विशेष म्हणजे तिच्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक हिरोशी नागाहामा हेच २००५ च्या ‘मुशिशी’चे दिग्दर्शक. शांततेचा वापर त्यांच्याइतका क्वचितच कुणाला कळला असेल.

युकी उरुशिबारा यांच्या मांगावरची २६ भागांची ‘मुशिशी’ भयकथा आहे का, यावर दुमत होईल. तिच्यातले मुशी ना भुतं, ना दैत्य. ते जीवनाचे अगदी मुळाशी असलेले प्रकार, आणि त्यांना माणसाचं बरंवाईट काहीच करायचं नसतं. सूड नाही, शाप नाही. पण एका भागात नवजात बाळाऐवजी हिरवा द्रव जन्मतो, घराखाली जाऊन लपतो आणि काही काळाने माणसाच्या लेकरासारखी लेकरं वर पाठवू लागतो. आईला ती आपली वाटतात. गिंको हा मुशींचा जाणकार सांगतो, यांना मारावं लागेल. सदाकोला निदान आपला राग तरी येतो. या लेकरांना आपल्याशी काही देणंघेणं नाही. ‘रिंगु’ पाहून सरावलेल्या मनाला ही भीती नवी वाटेल, आणि मला ती अधिक खोलवर जाणारी वाटते.

अलीकडच्यांत २०२५ ची ‘हिकारू गा शिन्दा नात्सु’ ही एक बघावी. डोंगरात हरवलेला मित्र परत आलाय, पण तो तो नाही, हे योशिकीला ठाऊक आहे, आणि तरीही त्याला हा मित्र हवा आहे. नटाच्या बाबतीत खरा आणि तोतया यांच्यात देहबोलीचा फरक शोधता येतो. इथे दोघांची रेषा एकच, त्यामुळे प्रेक्षकाला पकडायला काहीच उरत नाही. याउलट रक्ताच्या चिळकांड्यांसाठी गाजलेल्या ‘एल्फेन लीड’ किंवा ‘कॉर्प्स पार्टी’ यांची शिफारस मी करणार नाही. त्यांत धक्का आहे, गूढ नाही.

एवढं सगळं पाहायला वेळ नसेल तर ‘आयाकाशी’तली ‘बाकेनेको’ तेवढी पाहावी. तिचे तीनच भाग आहेत, सव्वा तासाच्या आत संपतात. एका सामुराई घराण्यातली नववधू उंबरठ्यावरच कोसळते आणि घराला मांजर पछाडतं. ते मांजर त्या घरात कशासाठी आलंय हे कळूनही ज्याला काहीच वाटलं नाही, त्याने खुशाल आपल्या सदाकोकडे परत जावं.