कोयनेलचे झाड आणि मान्युएल मामानी



कोयनेलचा कडूपणा आमच्या आजोबांच्या पिढीने भोगला. बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कचेरीत त्याची पुडी एका पैशाला मिळे. आमचे शिक्षण अर्धवट राहिले. वनस्पतिशास्त्रावर आमचा अधिकार नाही. परंतु कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे, हाती आलेली वस्तू कोणाच्या श्रमाने आली हे विचारण्याची आम्हांस खोड आहे. म्हणून आज कोयनेलच्या झाडाची, सिंकोनाची, हकिकत सांगतो.

सिंकोनाची 'कालिसाया' ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताची. बोलिव्हिया व पेरू या देशांत, पर्वताच्या पूर्व उतारावरील दमट, धुकट रानांत ती वाढते. तिच्या सालीतील कडू द्रव्य हिवतापाच्या जंतूंना रक्तातच मारते. पेलेत्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली ते वेगळे काढले. तेच कोयनेल.

पण सगळ्याच झाडांत ते सारखे नसते. कसदार झाड कोणते, हे ओळखत ते रानात साल काढणारे मजूर. त्यांपैकीच मान्युएल इन्क्रा मामानी हा आयमारा जमातीचा माणूस. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे तो नोकरीस होता. लेजरने त्याला बी आणावयास धाडले. हिमाने फुलोरा जळे. चांगल्या बियांसाठी मामानीने चार वर्षे वाट पाहिली. १८६५ साली त्याने बी आणून दिले. इंग्रज सरकारने ते नाकारले. डचांनी त्यातले थोडे घेऊन जावा बेटावर पेरले. त्यातून आलेल्या झाडांच्या सालीत इतरांच्या कितीतरी पट कोयनेल निघाले. पुढे जगाचे बहुतेक कोयनेल जावातून येऊ लागले, आणि अँडीजमधील सालीचा धंदा बसला.

आणि मामानी? १८७१ साली तो पुन्हा बी गोळा करीत असता पकडला गेला. कोणासाठी हे विचारून त्याला बेदम मारले. त्याने धन्याचे नाव सांगितले नाही. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला.

त्या झाडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले 'लेजरियाना'.

मामानी निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याच श्रमाने त्याच्या भाऊबंदांची भाकरी गेली. परंतु बी ज्याने ओळखले, राखले आणि ज्यापायी प्राण दिला, त्याचे नाव झाडावर नाही. औषधाची पुडी स्वस्त झाली, ती कोणाला महाग पडली, एवढे श्रोत्यांनी स्मरणात ठेवावे, हीच विनंती.