माळेगावच्या माळावरचा पडदा

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा ओलांडल्यावर माळेगाव लागतं. एरवी ते रस्त्यावरचं साधं गाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की मात्र माळावर पालं पडू लागतात, जिल्हा परिषदेचे कर्मचारी पाण्याच्या आणि दिव्यांच्या मागे धावू लागतात, आणि खंडोबाची देवस्वारी निघते त्या दिवशी भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत. दक्षिणेतली सर्वांत मोठी यात्रा, असं इकडची माणसं छाती पुढे काढून सांगतात. ते मोजत बसण्याच्या भानगडीत मी पडत नाही. कंधार शेजारीच असल्यामुळे लाल कंधारी बैल इथं मानानं उभे असतात. लातूरकडून देवणी येते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार वेगळा, आणि त्या बाजारात उभं राहून दात पाहणारी, खूर तपासणारी माणसंही वेगळी. भटक्या जमातींच्या कितीतरी सोयरिकी या माळावर जुळल्या आणि कितीतरी भांडणं इथंच पंचांपुढे मिटली.

अशा जत्रांत, तमाशाच्या फडांच्या रांगेत, तंबू असायचा. टुरिंग टाकीज.

मराठवाड्यात चित्रपट महोत्सव 2014 साली आला, अशी नोंद आहे. त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. नोंद खरी आहे, पण ती अर्धीच आहे. ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या जागी, लांबून लांबून माणसं येतात. चार-पाच रात्री लागोपाठ वेगवेगळे चित्रपट पाहतात. कोणता चांगला, कोणता फसवा, याची चर्चा चहाच्या टपरीवर करतात. दुसऱ्या दिवशी त्या चर्चेवर गर्दी ठरते. महोत्सव म्हणतात तो आणखी काय असतो? परीक्षक मंडळ नव्हतं एवढंच. आणि तेही पूर्ण खरं नाही, कारण पिच्चर आवडला नाही तर तंबूतला प्रेक्षक निकाल जागेवर देत असे, मोठ्यानं.

दसरा-दिवाळी उरकली, सुगी घरात आली की तंबूवाल्यांचं वर्ष सुरू व्हायचं. एका जत्रेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. वैशाखात खेळ आवरायचे आणि पावसाळ्यात कापड गुंडाळून यंत्र खोलायचं. दुष्काळाचं साल असेल तर जत्रेत माणूस येतो, पण खिशाला हात लावत नाही. तंबूवाल्याचा हिशेब त्यामुळे शेतकऱ्याइतकाच पावसावर चालायचा. परवाना वेगळा, करमणूक कर वेगळा, जागेचं भाडं वेगळं. फिरत्या सिनेमाला कायद्यात जागा होती, पण एका ठिकाणी मुक्काम किती दिवस, यावर बंधनं होती. या धंद्याला घर करण्याची मुभा नव्हती.

सगळा कारभार एका ट्रकभोवती. ट्रकच्या मागच्या भागातच प्रोजेक्टर पक्का बसवलेला. ट्रक तंबूच्या एका टोकाला उलटा लावायचा, दुसऱ्या टोकाला पडदा ताणायचा, मधे माणसं जमिनीवर. बसायला आपापली सतरंजी, घोंगडी, नाहीतर पटकाच. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. कापडाच्या भिंतीतून उजेड आत येतो, म्हणून पहिला खेळ अंधार पडल्यावर. भोंग्यावर पुकारा करणारा माणूस हा तंबूचा खरा कलावंत. न पाहिलेल्या चित्रपटातही तो रडणं, मारामारी आणि नाच किती आहे ते तोलून सांगायचा. शेजारच्या तमाशाच्या फडाची ढोलकी एकीकडे आणि हा दुसरीकडे, अशी रात्रभर झुंज.

यंत्राबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण आता ते पाहायला मिळणं अवघड. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी पळते, म्हणजे मिनिटाला 90 फूट. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म. पत्र्याच्या डब्यांत रिळं, डबे पेटीत, पेटी एस.टी.च्या टपावर किंवा रेल्वेच्या पार्सलात. प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, आणि चौकट पुढे सरकते. ही थांब-चाल नीट बसली नाही की पडद्यावरचं चित्र थरथरतं. उजेडासाठी दोन कार्बनच्या कांड्या. त्यांची टोकं एकमेकांना टेकवून किंचित दूर केली की मधल्या फटीत वीज झेपावते आणि डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. कांड्या जळत जळत आखूड होतात, फट वाढते, प्रकाश पिवळा पडतो. म्हणून ऑपरेटरचा एक हात कायम कांड्या सरकवणाऱ्या मुठीवर. जनित्राची वीज कधी चढते, कधी उतरते. फिल्म तुटली तर दिवा झाकायचा, टोकं खरवडायची, सिमेंट लावून चिकटवायची, आणि हे सगळं तंबूतल्या शिट्ट्या ऐकत. चिकटवताना दोन-चार चौकटी जायच्याच. जुनी प्रिंट शेवटच्या जत्रेपर्यंत पोचायची तेव्हा गाण्यातला एखादा हुंदका कुठल्यातरी आधीच्या गावातच राहून गेलेला असायचा.

लोकांना त्याचं काही वाटत नसे. 1975 चा ‘जय संतोषी माँ’ पाहायला माणसं चपला बाहेर काढून बसत, ही त्या काळची सर्वदूरची हकीकत आहे. दादा कोंडके यांचे चित्रपट जत्रेत हक्काचे. 1991 साली ‘माहेरची साडी’ आला आणि गाड्या जुंपून बायका चित्रपटाला निघाल्या. समीक्षकांनी या चित्रपटांना काय म्हटलं ते सोडा. माहेरी जायला वर्षात एकदाच मिळणाऱ्या बाईनं, जत्रेच्या निमित्तानं मिळालेल्या मोकळ्या रात्री काय पाहावं, हे तिनं स्वतः ठरवलं होतं.

आता नकाशाकडे येतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निझामाच्या राज्यातून सुटला. 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. चित्रपटाच्या धंद्यात मात्र निझाम संपलाच नाही. वितरकांनी देशाचे जे विभाग पाडले त्यात ‘निझाम’ हा विभाग कायम राहिला: तेलंगण, कर्नाटकाचे काही जिल्हे आणि मराठवाडा. पुण्या-मुंबईत लागलेल्या हिंदी चित्रपटाचा हिशेब एका वहीत आणि नांदेडमधल्या त्याच चित्रपटाचा हिशेब हैदराबादच्या वहीत. राज्य गेलं, संस्थानिक गेला, आणि त्याच्या सरहद्दी पिच्चरच्या पेट्यांनी सांभाळल्या. यात तोटाच होता असंही नाही. निझामी शाळांत उर्दू शिकलेल्या पिढीला हिंदी बोलपटाचे संवाद कधी परके वाटले नाहीत. नांदेडच्या चौकात आजही मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच वाक्यात नांदतात. पण मराठी चित्रपट काढणाऱ्यांच्या दृष्टीनं हा मुलूख लांबचा राहिला, आणि या मुलखाची स्वतःची माणसं पडद्यावर यायला फार उशीर झाला.

राजकीय नकाशा एक आणि पडद्याचा नकाशा दुसरा, हे म्हटलं की मला कुर्द आठवतात. तीन ते चार कोटींचा हा समाज तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेला; स्वतःचा देश कुठेच नाही. तुर्कस्तानात तर त्यांच्या भाषेवर 1991 पर्यंत कायद्यानं बंदी होती. यिल्माझ ग्युने या दिग्दर्शकानं ‘योल’ची पटकथा तुरुंगात बसून लिहिली, चित्रण बाहेर शेरीफ ग्योरेन यांनी केलं, मग ग्युने तुरुंगातून निसटला आणि परदेशात त्यानं संकलन पुरं केलं. 1982 मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. खुद्द तुर्कस्तानात तो 1999 मध्ये दाखवता आला. अशा समाजाचा चित्रपट महोत्सव 2001 मध्ये उभा राहिला तो लंडनमध्ये, तिथं आसऱ्याला आलेल्या कुर्द कुटुंबांच्या बळावर. आपल्या गावचे डोंगर, आपली बोली मोठ्या पडद्यावर पाहायला लेकराबाळांना घेऊन माणसं आली. देश नव्हता तिथं महोत्सवाच्या त्या आठ-दहा दिवसांनी देशाचं काम केलं. पुढे इराकी कुर्दिस्तानात दुहोकला महोत्सव सुरू झाला, 2011 मध्ये.

कुर्दांचं दुःख आणि आपलं मागासपण एका तराजूत घालण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण महोत्सव कशावर उभा राहतो, हे तिथं उघडं दिसतं. तो उभा राहतो आधीच जमलेल्या माणसांवर.

तंबू का गेला, याची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. 1980 च्या दशकात व्हिडिओ आला, 1987 मध्ये ‘रामायण’नं रविवारची सकाळ खाल्ली, मग डिश, मग सीडी, मग हातातला फोन. गंमत म्हणजे या डिशवरचा सर्वांत चांगला चित्रपट कुर्दच आहे. बहमन गोबादी यांच्या 2004 सालच्या ‘टर्टल्स कॅन फ्लाय’मध्ये एक चुणचुणीत पोरगा गावागावांत डिश बसवत फिरतो. 2003 चं इराक युद्ध तोंडावर आहे आणि म्हाताऱ्यांना बातम्या पाहायच्या आहेत. लातूर-नांदेडच्या खेड्यांत 1990 नंतर असेच पोरगे पत्र्यावर चढून छत्र्या फिरवत होते.

शेवटचा घाव मात्र प्रेक्षकानं घातला नाही, कारखान्यानं घातला. 2013 मध्ये फुजीनं चित्रपटाची फिल्म बनवणं थांबवलं, बाकीच्यांनीही हात आखडता घेतला, आणि नव्या चित्रपटांच्या प्रिंटा निघणं बंद झालं. तंबूवाल्यानं काय करायचं? काहींनी जुनं यंत्र भंगारात घालून डिजिटल प्रोजेक्टर घेतला. आता पेटीऐवजी उपग्रहावरून चित्रपट उतरवायचा आणि परवान्याचा आकडा मिळाल्यावर तो उघडायचा. माळावर सिग्नल नाही म्हणून खेळ अडलाय आणि बाहेर तिकीट काढलेली माणसं उभी आहेत, हा प्रसंग शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांतून तंबूंच्या मागे वर्षानुवर्षं फिरून त्यांनी तो केला. 2016 मध्ये कानला त्याचा विशेष उल्लेख झाला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याआधी 2011 मध्ये मधेशियांना तंबूतल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचं पारितोषिक मिळालं होतं. त्या छायाचित्रांत पडदा दिसत नाही. घोंगडीत गुरफटलेले, उजेडानं उजळलेले चेहरे दिसतात. तंबूचा सन्मान जगानं केला तो असा, तंबू उठत असताना.

इकडे शहरातला महोत्सवही एकदा उठता उठता वाचला. अजिंठा-वेरूळ महोत्सव दरवर्षी भरत आला, फेब्रुवारी 2020 मध्ये सातवा झाला आणि कोरोना आला. दोन वर्षं खंड. अशा खंडानंतर पुष्कळ उपक्रम परत उभे राहत नाहीत. प्रायोजक दुसरीकडे वळतात, स्वयंसेवक मुलं नोकरीला लागतात. हा जानेवारी 2023 मध्ये परत भरला आणि मग थांबला नाही. 2024 मध्ये जावेद अख्तर, 2025 मध्ये सई परांजपे यांचा पद्मपाणी पुरस्कारानं गौरव झाला. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती मराठवाड्यातल्या मुलांसाठी ठेवलेली लघुपट स्पर्धा. पाहुणे येतात आणि जातात. परभणीच्या किंवा उदगीरच्या पोरानं फोनवर केलेला लघुपट त्याच पडद्यावर लागतो ज्यावर काल फ्रेंच चित्रपट लागला होता, ही गोष्ट राहते. लातूरलाही पुणे फिल्म फाउंडेशन आणि स्थानिक फिल्म सोसायटीच्या मेळातून महोत्सव भरू लागला. शिकवणी वर्गांसाठी नाव काढलेल्या शहरात, नीटच्या सराव परीक्षा सोडून मुलं इराणी चित्रपटाला बसतात, हे मला तरी लहान वाटत नाही.

पण हे सगळं गुळगुळीत खुर्च्यांच्या सभागृहात. माळेगावच्या माळावर काय? तिथं लावणी महोत्सवाला जिल्हा परिषदेनं मंच दिला आहे, कुस्तीला आखाडा दिला आहे, जनावरांना प्रदर्शन आणि बक्षिसं दिली आहेत. यात चूक काही नाही. लावणी त्या मंचामुळे टिकली. मग त्याच यात्रेत पडद्याला जागा का नसावी? आता तर यंत्र सुटसुटीत आहे. साडेतेरा हजार फूट फिल्म वाहायची नाही, कार्बन जाळायचा नाही. एक चांगला प्रोजेक्टर, एक जनित्र, काळं कापड आणि महोत्सवातल्या मुलांपैकी रात्री जागायला तयार असलेली चौघं-पाच जणं, एवढ्यावर भागतं.

आणि पहिला चित्रपट कोणता, तेही माझ्या मनात पक्कं आहे. गोबादींचाच, 2000 सालचा, ‘अ टाइम फॉर ड्रंकन हॉर्सेस’. इराण-इराक सरहद्दीवरची अनाथ भावंडं खेचरांच्या पाठीवरून चोरटा माल वाहतात. थंडी अशी की जनावरं चालावीत म्हणून त्यांना पाण्यात दारू घालून पाजतात. आजारी भावाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत, आणि त्यासाठी थोरल्या बहिणीचं लग्न ठरतं. तासा-सव्वातासाचा चित्रपट. मोठ्या शहरांतल्या महोत्सवांत तो पाहणाऱ्यांपैकी कितीजणांनी खेचरावर ओझं लादलेलं असेल? माळेगावच्या गाढवबाजारात मात्र असे प्रेक्षक शेकड्यानं बसलेले असतात. जनावर बर्फात का बसकण मारतं, ओझं कुठं चुकीचं बांधलंय, लग्नाच्या बोलीत कोण कोणाला फसवतंय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

अडचण भाषेची. चित्रपट कुर्दी, पडद्याखालच्या ओळी इंग्रजी. मराठी ओळी घातल्या तरी धावती अक्षरं वाचणं प्रत्येकाला जमेल असं नाही. पण यावरचा उपाय मूकपटांच्या काळात सापडलेला आहे: पडद्याच्या कडेला उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस. माळेगावला वाघ्या-मुरळी आहेत, गोंधळी आहेत. रात्रभर उभं राहून गोष्ट सांगणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. त्यातल्या एखाद्या वाघ्याला महोत्सवाच्या मंडळींनी आधी दोनदा चित्रपट दाखवावा, अर्थ सांगावा, त्याची बिदागी ठरवावी आणि हातात माइक द्यावा. चित्रपटाच्या हक्कांचा पत्रव्यवहार आणि जिल्हा परिषदेची परवानगी यांना वेळ लागतो, तेव्हा अर्ज दिवाळीच्या आत जायला हवा.