मचाणावरून जमीन किती दूर?

शिकारीच्या जुन्या गोष्टींत मचाणावर बसलेल्या माणसाचा सगळा जीव खालच्या अंधारात गुंतलेला असतो. 1926 साली रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी जिम कॉर्बेट आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्र बसला. ती हकिगत वाचताना धास्ती वाटते ती बिबट्याची. डुलकी लागून कॉर्बेटचा तोल गेला तर काय, ही शंका वाचकाच्या मनाला शिवतही नाही. अमेरिकेत मात्र हरणांच्या शिकारीसाठी झाडाला जोडलेल्या बैठकीवर बसणाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण बैठकीवरून पडणं हेच आहे. त्यामुळे झाडावर चढायचं कसं आणि उतरायचं कसं, याचे धडे तिथे शिकाऱ्यांना दिले जातात.

“आपल्याकडे शिकारच बंद आहे, मग मचाण उरलं कुठे?” असं पाचगणीत कुणी विचारलं, तर त्याला महाबळेश्वर रस्ता सोडून जरा आतल्या वाड्यांवर न्यावं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद संपला, आणि परवानगीशिवाय रानडुकरासाठी बंदूक घेऊन बसणं हा आजही गुन्हा आहे. मचाण मात्र गेलं नाही. गवे आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून रात्रीच्या राखणीला माळे उभे राहतात. सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यातली कोयना आणि चांदोलीची जंगलं 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अशा जंगलांत पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर हौशी निसर्गप्रेमी बसतात. मोजणीचं शास्त्रीय काम आता कॅमेरा ट्रॅपकडे गेलं आहे, त्यामुळे ही रात्र मुख्यतः अनुभवासाठी. शिवाय मचाण नसलं तरी झाड असतंच. जांभळं, आंबे आणि हिरडा उतरवणारे, आग्या मोहोळाचा मध काढणारे, पावसाळ्याआधी सिल्व्हर ओकच्या फांद्या छाटणारे हे सगळे त्याच उंचीवर काम करतात.

आता दहा फुटांचं गणित पाहू. “दहा फुटांवरून पडून काय होतंय? फार तर पाय मुरगळेल,” असं सर्रास म्हटलं जातं. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळात जमिनीवर येतो आणि आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असतो. वीस फुटांवरून तोच वेग 39 होतो. पाऊण सेकंदात फांदी पकडणं किंवा अंग सावरणं सहसा जमत नाही. त्यात पायांवर पडलो म्हणजे वाचलो, हा समजही खरा नाही. उंचावरून उभं पडताना झटका टाचेतून सरळ कण्यात चढतो. म्हणूनच टाचेचं हाड मोडलेला रुग्ण समोर आला की जाणकार डॉक्टर त्याच्या पाठीचीही तपासणी करतात.

“लहानपणापासून झाडावर चढतोय, मला काय शिकवता?” यावर वाद घालणं अवघड, कारण म्हणणाऱ्याचा हात खरंच सरावलेला असतो. पण सराव माणसाचा असतो, झाडाचा नव्हे. पाचगणीला सावली देणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. इंग्रजांच्या काळात तो इथे लावला गेला. दिसायला सरळसोट आणि भरवशाचा, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि वाऱ्यात मोडतात. शेवग्याच्या फांदीचा भरवसा नाही, हे तर घरोघरी ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर इथल्या खोडांवर शेवाळ धरतं, आणि पाऊस उघडल्यावरही सकाळच्या धुक्याने साल ओली राहते. गेल्या उन्हाळ्यात ज्या फांदीने वजन पेललं ती यंदा आतून पोखरलेली असू शकते. फांदी वीजतारेजवळ असेल तर सराव कितीही असो, काही उपयोग नाही. ती छाटण्याआधी महावितरणकडून प्रवाह बंद करून घ्यावाच लागतो.

दुसरं असं की मचाणावर नुसतं बसलेला माणूस क्वचित पडतो. धोका असतो तो शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना आणि पहाटे पुन्हा शिडीवर उतरताना. रात्रभर एका जागी बसून पाय बधिर झालेले असतात, डोळ्यांवर झोप असते, दव पडलेलं असतं, आणि घरी जायची घाई असते. याला उपाय साधे आहेत. शिडी फळीच्या वर तीन फूट निघालेली असावी, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी राहतं. तिचं वरचं टोक झाडाला घट्ट बांधावं. चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत. याचाच अर्थ हातात काही नको. कोयता, बॅटरी, पाण्याची बाटली, घोंगडी हे सगळं खाली ठेवून वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यावं. कमरेला उघडा कोयता लटकवून चढणाऱ्याला पडण्याचा धोका एकच असतो, जखमेचे दोन.

सगळ्यात हट्टी गैरसमज दोराबद्दलचा आहे. कमरेला कासरा बांधला, दुसरं टोक फांदीला अडकवलं, झालं काम! निम्मी खबरदारी घेतल्याचं समाधान यात मिळतं, म्हणून तो मोडणं कठीण. पण 80 किलोचा माणूस सहा फूट ढिल्या दोरावर पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला चार इंचांत थांबवलं, तर सरासरी ओढ दीड टनाच्या आसपास जाते. ही सगळी ओढ कमरेवर म्हणजे पोटावर आणि खालच्या बरगड्यांवर येते. माणूस उलटा होऊ शकतो, पट्टा छातीवर सरकून श्वास कोंडू शकतो. जगभर उंचावरच्या कामासाठी कमरेचा पट्टा मागे पडून अंगभर हार्नेस आला तो यामुळेच. त्यात मांड्यांभोवती दोन पट्टे असतात, खांद्यांवर दोन, आणि दोर जोडायची कडी पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये. झटका मांड्या, कंबर आणि खांदे मिळून वाटून घेतात. विकत घेताना भारतीय मानक आयएस 3521चा उल्लेख आणि बनावटीची तारीख बघावी. उन्हात राहिलेले पट्टे आणि नायलॉनचे दोर बाहेरून धड दिसतात, पण आतून कमजोर होत जातात. एकदा मोठा झटका खाल्लेला हार्नेस पुन्हा वापरू नये, मग तो कितीही नवा दिसो.

हार्नेस असूनही तो वर पोचल्यावर अडकवणारे बरेच आहेत. चढण्या-उतरण्याचा सगळा वेळ मग ते मोकळेच. यावरचा तोडगा सह्याद्रीतल्या कडेचढाईवाल्यांना चांगला माहीत आहे. जमिनीपासून मचाणाच्या वरपर्यंत एक जाड दोर झाडाला कायमचा बांधून सोडायचा आणि त्यावर प्रुसिक गाठ घालून ती हार्नेसला जोडायची. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिकच्या नावाची ही गाठ हाताने सरकवली की सरकते आणि वजन आलं की आवळते. अशाने पहिलं पाऊल शिडीवर पडण्याआधी माणूस बांधलेला असतो तो पुन्हा जमिनीवर येईपर्यंत. बसल्यावर गाठ डोक्याच्या वर ठेवायची, दोरात ढील नको. आग्या मोहोळ उठलं तर घाबरून हात सोडणाऱ्याला हीच गाठ वाचवते.

“हार्नेस आहे, मग लटकलो तर सकाळपर्यंत लटकू,” हाही भ्रमच. पाय न हलवता लोंबकळत राहिलं की रक्त पायांत साचतं, चक्कर येते, आणि अर्ध्या तासाच्या आतही शुद्ध हरपू शकते. म्हणून सोबत दोराचा एक फास ठेवावा. लटकल्यावर त्यात पाय घालून उभं राहता येतं, पाय हलत राहतात आणि वेळ मिळतो. अशा माणसाला खाली आणल्यावर आडवं करू नये, बसवूनच ठेवावं, हा सल्ला बरीच वर्षं फिरत होता. 2009 साली ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने करून घेतलेल्या आढाव्यात त्याला पुरावा सापडला नाही. आडवंच ठेवावं आणि नेहमीचे प्रथमोपचार करावेत, हा आजचा सल्ला. लटकलेल्याला उतरवणं अवघड असेल तर दोराचं काम येणाऱ्यांना बोलवावं. 2018च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरलेल्या महाबळेश्वर ट्रेकर्सच्या मंडळींसारखे लोक या भागात आहेत.

आणि तरीही कुणी पडलाच, तर जमलेली माणसं आधी काय करतात? काखेत हात घालून उठवून बसवतात आणि पाणी पाजतात. दोन्ही चूक. कण्याला इजा असेल तर बसवताना ती वाढू शकते, आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटातलं पाणी भुलीच्या वेळी त्रास देतं. 108ला फोन करावा, डोकं-मान हलणार नाही असं दोन्ही हातांनी धरावं, रक्त वाहत असेल तिथे दाबून धरावं, अंगावर पांघरूण घालावं. श्वास बंद पडला असेल तर मात्र कण्याची चिंता मागे ठेवून छाती दाबायला लागावं. गाडी पोचत नाही अशा वाडीवरून माणूस झोळीतून आणायची रीत इथे जुनी आहे, पण झोळीत पाठ वाकते. दाराची फळी बरी. तीही नसेल तर माळ्याची शिडीच आडवी करून तिच्यावर घोंगडी अंथरावी, चौघा-पाचजणांनी एका वेळी उचलून त्याला त्यावर घ्यावं आणि ओढण्या-पंच्यांनी बांधावं. पडल्यावर उठून चालायला लागला म्हणून कुणाला घरी पाठवू नये. प्लीहेतून होणारा रक्तस्राव काही तासांनी डोकं वर काढतो. पोट कडक होणं, डाव्या खांद्यात कळ, थंड घाम, यांतलं काहीही दिसलं तर दवाखान्यासाठी पसरणी घाट उतरायला सकाळची वाट पाहू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. शेतकऱ्यांच्या अपघातासाठी सरकारकडून काही मिळत नाही, असं गावात ठामपणे सांगणारे भेटतात. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडण्याचा अपघात धरलेला आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव कायमचे गेले तर 2 लाख रुपये, एक अवयव गेला तर 1 लाख. अर्ज सातबारा आणि बाकी कागदांसह तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यायचा. बऱ्या होणाऱ्या साध्या हाडमोडीला यात काही मिळत नाही, आणि नशेत असताना झालेला अपघात योजनेत बसत नाही.