समुद्राचं पथ्यपाणी

समुद्र सगळं पोटात घालतो, अशी आपली लहानपणापासूनची समजूत. त्याला रत्नाकर म्हणायचं आणि शहराचं गटारही त्यातच सोडायचं! पण समुद्रालाही अजीर्ण होतं, आणि पथ्य फार कडक झालं तर उपासही घडतो. जपानच्या सेतो समुद्राच्या बाबतीत हे दोन्ही घडलं. त्याचीच हकिगत आज सांगतो.

हा समुद्र बेटांनी भरलेला, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला. ओसाका, कोबे, हिरोशिमा ही शहरं त्याच्याच काठावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पोलाद, रसायनं, कागद यांचे कारखाने उभे राहिले. त्यांचं आणि शहरांचं सांडपाणी समुद्रात जाऊ लागलं. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे सूक्ष्म शैवालांना आयतं खत. ती इतकी माजतात की पाणी तांबूस दिसू लागतं. १९७२ साली अशा तांबड्या पाण्यात, पिंजऱ्यांत वाढवलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले. मच्छीमार देशोधडीला लागायची वेळ आली.

१९७३ साली खास कायदा झाला. त्याने कारखाने बंद केले नाहीत. त्यांच्या सांडपाण्यातली घाण तीन वर्षांत निम्म्यावर आणायला लावली. पुढे फॉस्फरस आणि नायट्रोजनवरही बंधनं आली. १९७६ मध्ये तांबड्या पाण्याच्या २९९ घटना नोंदल्या गेल्या होत्या. नंतरच्या दशकांत त्या शंभराच्या आसपास आल्या.

मग वेगळीच तक्रार सुरू झाली. तिथे नोरी नावाच्या खाद्य शैवालाची शेती होते. काळी कुळकुळीत नोरी फिकी पडू लागली. तिला भाव येईना. कारण, पाण्यातला नायट्रोजन कमी पडला होता! अखेर २०२१ मध्ये कायदा बदलला. कुठे किती पोषकद्रव्य राहू द्यायचं, ते स्थानिक प्रशासनाला ठरवता येऊ लागलं.

यावर कोणी म्हणेल, मग आपलं गटार खाडीत जातं तेच बरं की! तसं मुळीच नाही. जपान सोडतो ते प्रक्रिया केलेलं पाणी, तेही मोजून आणि हंगाम पाहून. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याबरोबर रोगजंतू येतात, आणि त्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. खाडीतल्या माशाला त्यात पोषण कुठलं?

कारखाना हवा की मासळी, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. समुद्रात काय जातं, किती जातं, हे नियमित मोजायला हवं. आणि ते आकडे कारखानदाराइतकेच कोळ्याच्याही हाती पडायला हवेत. पथ्य ठरवायचं तर आधी नाडी पाहावी लागते.