मानपत्रं उशिरा पोचतात

२०२२ च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आलं. विंचूदंशावरच्या ज्या उपचारामुळे ते ओळखले जातात, त्याचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता १९८६ साली. म्हणजे मध्ये छत्तीस वर्षं गेली. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय गौरवांचा मागोवा घ्यायला बसलं की ही असली वजाबाकी वारंवार करावी लागते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू गवताच्या भाऱ्यात, लाकूडफाट्यात, कौलांखाली कुठेही असतो. चावला की आधी मांत्रिक, मग जमलं तर दवाखाना. दवाखान्यात तरी काय होतं? अ‍ॅलर्जीची औषधं, स्टेरॉइड आणि सलाइन. पाठ्यपुस्तकात या विंचवाबद्दल धड काही नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसून टिपणं काढत राहिले. नुसती वेदना असेल तर माणूस वाचतो. पण दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार हातपाय, पुरुष रुग्णात लिंगाला आलेला ताठरपणा हे दिसलं, की पुढच्या काही तासांत धाप लागणार, फुप्फुसांत पाणी भरणार, तोंडातून गुलाबी फेस येणार. या धोक्याच्या खुणांची नोंद १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली.

खुणा कळल्या, पण इलाज? विंचवाच्या विषाने शरीरातल्या अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला तो भार पेलवत नाही. पुण्यात एम.डी. करून बावस्कर पुन्हा कोकणात आले (हे परतणं मला त्यांच्या कुठल्याही निबंधाइतकंच मोठं वाटतं) आणि रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं वापरू लागले. सोडियम नायट्रोप्रुसाइड लागू पडलं, पण ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यायचं, सतत रक्तदाब मोजत. आडगावात हे कोण करणार? मग हाती आलं प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. ती कुठल्याही उपकेंद्रात ठेवता येते, तोंडाने देता येते. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनावर आलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करही बरोबरीच्या. अनेक निबंधांवर दोघांची नावं आहेत. पुढे विंचवाची प्रतिलसही आली, तेव्हा नुसती गोळी आणि गोळीसह प्रतिलस यांची रीतसर तुलना महाडमध्येच झाली आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. दोन्ही मिळून दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, असा निष्कर्ष निघाला. स्वतःच्या गाजलेल्या उपचाराला पुन्हा तराजूत घालायला फार जण तयार होत नाहीत.

शहरातल्या डॉक्टरांना इतकी वाट पाहावी लागली नाही. गोव्यात जन्मलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी मुंबईत वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया बसवली, १९५५ मध्ये ती जगापुढे मांडली आणि १९६० मध्ये ते पद्मभूषण झाले. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आजही जगभरच्या प्रसूतितज्ज्ञांच्या तोंडी आहे.

जामखेडला १९७० मध्ये काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते मनिलाहून. दिल्लीने रजनीकांत आरोळेंना पद्मभूषण दिलं १९९० मध्ये. अल्पशिक्षित, बऱ्याचदा दलित समाजातल्या बायकांना गावाची आरोग्यसेविका करणं, हे इथल्या वैद्यकीय व्यवसायाला बराच काळ संशोधनच वाटत नव्हतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यावर हिशेबी उत्तर दिलं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तशी तपासणी झाली होती जेमतेम ८ टक्के जणींची. हे १९८९ साली छापून आलं. मग बालमृत्यू. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायला हवेत, आणि पन्नासपर्यंत आकडे येत नसतील तर? त्यांनी मण्यांची लाकडी चौकट आणि वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. पुढे गावातल्याच आरोग्यदूत बायका घरोघर जाऊन नवजात बाळांना जंतुसंसर्गावर जेंटामायसिनची इंजेक्शनं देऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावल्या. उत्तर आकड्यांनी दिलं: ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. ‘लॅन्सेट’, डिसेंबर १९९९. महाराष्ट्रभूषण २००३ मध्ये, पद्मश्री २०१८ मध्ये.

आरोग्यावर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं, हे पाहायचं तर र. धों. कर्व्यांकडे जावं लागतं. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. गर्भनिरोधन, गुप्तरोग, स्त्रीचं कामसुख असे सगळे विषय त्यात स्वच्छ मराठीत येत, वाचकांच्या शंकांना उत्तरं मिळत. मोबदल्यात मिळाले ते अश्लीलतेचे खटले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही खटला हरले आणि दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिलं. त्याच्या वर्षभर आधी सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. कर्व्यांवरचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला २००१ मध्ये. मराठी आरोग्यपत्रकारितेतल्या अशा माणसाची ही गत, तर पुढच्यांनी कशाची आशा धरावी?

पुरस्कारांची एक खोड अशी, की ते एकट्यादुकट्या नावाला शोधतात. मणी सरकवणाऱ्या बायकांची नावं यादीत बसत नाहीत. गडचिरोलीची पद्धत २०११ पासून आशा सेविकांमार्फत देशभर नेण्यात आली आणि मे २०२२ मध्ये, बावस्करांच्या पद्मश्रीच्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सगळ्या आशांचा एकत्रित सन्मान केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या होत्या. मानधनवाढीची घोषणा झाली होती; त्यांना हवा होता तिचा शासन निर्णय.